खानदेशातील घराचे ऊर्जा मानांकन घरच्या घरी कसे काढावे

फ्रीज किंवा एसी घेताना आपण त्यावरचे तारे आवर्जून पाहतो. परंतु ज्या घरात ती उपकरणे चालणार आहेत, ते घर किती तापते याचा हिशोब क्वचितच कोणी मांडतो. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने, म्हणजे बीईईने, घरांसाठी 2018 मध्ये इको निवास संहिता आणली आणि त्यानंतर घरांनाही एक ते पाच तारे देण्याची पद्धत सुरू केली. जळगाव, धुळे, नंदुरबारमधील बहुतेक जुन्या घरांना असे लेबल नाही. तरीही वर्षभराची वीजबिले आणि मोजपट्टी एवढ्या साहित्यावर आपल्या घराचा बराचसा अंदाज आपल्यालाच बांधता येतो.

प्रथम मागील बारा महिन्यांची युनिटे एकत्र करावीत. महावितरणच्या बिलावर मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो. या बेरजेला घराच्या चटई क्षेत्राने, तेही चौरस मीटरमध्ये, भागावे. चौरस फुटांना 10.76 ने भागले की चौरस मीटर मिळतात. उदाहरणार्थ, 600 चौरस फुटांच्या म्हणजे सुमारे 56 चौरस मीटरच्या घरात वर्षाला 1,800 युनिटे लागत असतील, तर प्रति चौरस मीटर सुमारे 32 युनिटे येतात. हा आकडा म्हणजे बीईईचे अधिकृत तारे नव्हेत आणि गल्लीतील घरांशी तुलना करतानाही माणसांची संख्या, मजला आणि एसी आहे की नाही, हे सारखे असेल तरच तिला अर्थ आहे.

आपल्या भागापुरते मला दुसरे गणित अधिक महत्त्वाचे वाटते, ते म्हणजे मे महिन्याच्या युनिटांतून जानेवारीची युनिटे वजा करणे. दिवे, टीव्ही, मिक्सर दोन्ही महिन्यांत जवळपास सारखेच चालतात. त्यामुळे उरलेला फरक मुख्यतः घरात शिरणाऱ्या उन्हाचा असतो. गिझर असल्यास त्याची युनिटे जानेवारीतून आधी काढून टाकावीत; दोन हजार वॉटचा गिझर रोज अर्धा तास चालला तर महिन्याला सुमारे 30 युनिटे होतात. बिलाचा कालावधी महिन्याच्या मध्यापासून असेल तर त्यावरील रीडिंगच्या तारखा पाहूनच महिना ठरवावा.

हा फरक मोठा आला तर आधी छताकडे पाहावे. मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास वरच्या मजल्यावरील स्लॅबला खालून हात लावून पाहावा. भुसावळसारख्या पारा 45 अंशांवर जाणाऱ्या गावात तो त्या वेळीही ऊनच लागतो, कारण दिवसभर शोषलेली उष्णता काँक्रीट रात्रभर खाली सोडत राहते. इको निवास संहितेने छतासाठी उष्णतावहनाची कमाल मर्यादा, म्हणजे आत-बाहेरच्या तापमानातील दर अंश फरकामागे प्रति चौरस मीटर आत शिरणारी उष्णता, 1.2 वॉट ठेवली आहे आणि उघडा स्लॅब तिच्या कितीतरी पुढे जातो. जाड मातीच्या थरामुळे आपली जुनी धाब्याची घरे या बाबतीत खरोखर उजवी होती. आजच्या स्लॅबवर कोबा करून पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी बसवणे हा टिकाऊ उपाय आहे. तेवढा खर्च झेपत नसेल तर होळीच्या आसपास चुन्याचे दोन हात द्यावेत, मात्र पावसाने चुना धुपत असल्याने हे काम दरवर्षी करावे लागते. त्यानंतर पश्चिमेची भिंत. तिच्या खिडक्यांना छज्जा किंवा बाहेरून जाळी असावी, कारण आतला पडदा ऊन काचेतून आत आल्यावरच अडवतो.

उपकरणांसाठी मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा उपयोगी पडतो. मीटरवर एका युनिटास 3,200 पल्स असे लिहिलेले असेल, तर 75 वॉटचा एकटा पंखा चालू असताना तो मिनिटाला चारदा लुकलुकतो. 30 वॉटच्या बीएलडीसी, म्हणजे कमी वीज घेणाऱ्या मोटरच्या, पंख्याला पाच मिनिटांत आठदाच. सर्व बटणे बंद करूनही दिवा लुकलुकत राहिला, तर कोठेतरी काहीतरी चालू आहे किंवा वायरिंगमध्ये गळती आहे. नंतरच्या शक्यतेसाठी वायरमनलाच बोलवावे.

नवीन वस्तू घेताना ताऱ्यांबरोबर लेबलवरचा कालावधी आणि वार्षिक युनिटे वाचावीत, कारण निकष वेळोवेळी कडक होतात आणि जुने पाच तारे आजच्या पाचांइतके नसतात. एसीवरचा वार्षिक आकडा 1,600 तासांच्या वापरावर काढलेला असतो; त्याहून अधिक तास एसी चालणार असेल तर युनिटे त्या प्रमाणात वाढवून धरावीत. कोरड्या एप्रिल-मे महिन्यांत खिडकी उघडी ठेवून चालवलेला कूलर एसीपेक्षा फारच कमी वीज घेतो. पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली की मात्र त्याचा उपयोग उरत नाही.

छताचे काम झाल्यावर पुढच्या मे महिन्यात हीच वजाबाकी पुन्हा करावी आणि दोन्ही आकडे एकाच वहीत लिहावेत. त्या वर्षी घरात माणसे वाढली असतील किंवा सुट्टीत घर बंद राहिले असेल, तर तशी नोंद शेजारीच करावी.