विंचवाच्या नातलगाचं बिऱ्हाड

अमेरिकेत डेलावेअर उपसागराच्या काठी हॉर्सशू क्रॅबवर (घोड्याच्या नालेच्या आकाराच्या कवचाचा समुद्री प्राणी) काम केल्यापासून प्राणिशास्त्राची मुलं मला एकच विचारतात: परजीवी ओळखायला कसं शिकायचं? माझं म्हणणं असं की ओळख नंतर, आधी जागा बघा. कोणता जीव अंगावर नेमका कुठे बसलाय, यावरून निम्मं काम होतं. आणि अंगावर दिसला म्हणून लगेच त्याला परजीवी म्हणायची घाई नको.

नावाला खेकडा असला तरी हा प्राणी कोळी-विंचवांच्या जवळचा. ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण त्याला शब्दशः लागू पडते. पिल्लं कात टाकतात तेव्हा चिकटलेलं सगळं कवचाबरोबर निघून जातं. प्रौढ मात्र सहसा कात टाकत नाहीत, त्यामुळे वर्षानुवर्षांचे भाडेकरू साठत जातात. बार्नेकल (खडकांना चिकटून राहणारे कवचधारी जीव), क्रेपिड्युला नावाच्या गोगलगायी, शिंपले, शेवाळ, ब्रायोझोआ (वसाहतीने पसरणारे सूक्ष्म जीव) असा सगळा बारदाना असतो. यातले बहुतेक नुसते बसायला जागा मिळाली म्हणून आलेले. मादीच्या कवचावर मागच्या बाजूला घासल्यासारखे काळपट डाग दिसले तर तो रोग समजू नका, नराच्या पकडीच्या खुणा असतात त्या.

खरी मजा उलट्या बाजूला. मे-जूनमध्ये पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला हे प्राणी अंडी घालायला किनाऱ्यावर येतात, तेव्हा बघायची संधी मिळते. उचलताना कवचाच्या दोन्ही कडा धरा, शेपटी कधीच नाही. पोटाखाली पापुद्र्यापापुद्र्यांचे कल्ले असतात, ज्यांना बुक गिल्स म्हणतात. त्यांच्या पाच जोड्या. तिथे आणि पायांच्या मुळाशी पांढरट, सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचा चपटा प्राणी सरकताना दिसला, तर तो बहुधा डेल्युरा कँडिडा (इंग्रजीत Bdelloura, सुरुवातीचा ‘ब’ जवळजवळ अनुच्चारित). मागच्या टोकाला चिकटायची चकती असल्याने नवख्याला तो जळू वाटतो. पण जळवेच्या अंगावर वलयं असतात, याच्या नसतात. हा चपटकृमी आहे. आतड्याच्या तीन शाखा, एक पुढे आणि दोन मागे, उजेडात धरल्यावर दिसतात. त्याहून लहान डेल्युरा प्रोपिंक्वा, आणि आणखी चिमुकला सिन्सीलिडियम पेल्युसिडम, ज्याच्या मागच्या दोन शाखा शेपटीकडे एकमेकींना जोडलेल्या असतात. या दोघांचं वर्णन प्राणिशास्त्रज्ञ व्हीलरने १८९४ मध्ये केलं.

मग डेल्युरा परजीवी आहे का? खातो तो मुख्यतः यजमानाच्या, म्हणजे ज्याच्या अंगावर राहतो त्या क्रॅबच्या, जेवणातलं उरलंसुरलं, म्हणून सहभोजी म्हणतात. पण अंड्यांचे कोश कल्ल्यांच्या पापुद्र्यांवरच चिकटवतो, आणि टाकीत ठेवलेल्या प्राण्यांत गर्दी झाली की कल्ल्यांना इजा होते. हद्द इतकी धूसर असते. खराखुरा परजीवी शोधायचा तर मायक्रोफॅलस लिम्युली बघा. हा ट्रेमाटोड, म्हणजे परजीवी चपटकृमींच्या गटातला. त्याच्या गाठी क्रॅबच्या ऊतींत असतात आणि प्रौढावस्था कुरव पक्ष्याच्या आतड्यात. बाहेरून काहीच दिसत नाही, विच्छेदनाशिवाय सापडत नाही. गंमत अशी की दिसतात ते परजीवी नसतात, आणि असतात ते दिसत नाहीत.

चपटकृमी जिवंतपणीच बघून, रेखाटून घ्या. सरळ फॉर्मॅलिनमध्ये टाकला की आखडून गोळा होतो, मग आतडं नाही की डोळे नाहीत. आधी मॅग्नेशियम क्लोराइडने सैल करा. थोडे नमुने छेदांसाठी (सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे पातळ काप), थोडे डीएनएसाठी निव्वळ अल्कोहोलमध्ये. जातीची खातरजमा शेवटी जननेंद्रियांच्या छेदांवरूनच होते. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळणाऱ्याचं नाव मी तरी ग्राह्य धरत नाही.

भारतात करायचं तर कोकणात शोधू नका, हे प्राणी ओडिशा-बंगालच्या किनाऱ्यावर असतात. टॅकिप्लियस गिगास आणि कार्सिनोस्कॉर्पियस या दोन जाती. त्यांच्यावरचे चपटकृमी एक्टोप्लाना या वेगळ्या वंशाचे, तेव्हा अमेरिकन पुस्तकातली जाती ओळखायची किल्ली चालवू नका. गोव्यात दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत डॉ. अनिल चटर्जी यांनी या प्राण्यांवर बरंच काम केलंय, ते आधी वाचा. प्राणी वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, म्हणजे वनखात्याच्या परवानगीआधी हातही लावायचा नाही.

आणि प्रत्येक बाटलीत चिठ्ठी हवी: तारीख, ठिकाण, यजमान नर की मादी, अंगावरची जागा. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाका. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये उतरते.