कॅम्परव्हॅनमध्ये १२ व्होल्टचे सॉकेट

गाडीतल्या बसायच्या जागेत दोन सॉकेट वाढवले. लाइन गाडीतल्या दिवे-फ्रिजसाठीच्या वेगळ्या बॅटरीवरून घेतली, इंजिनच्या नाही. नाहीतर सकाळी गाडी स्टार्ट होत नाही.

वायर ४ स्क्वेअर एमएमची, तांब्याची, बारीक तारांची. सामान पुण्यातल्या तपकीर गल्लीत मिळतं. ५ मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर वायर. १० अँपिअरला तिच्यात साधारण अर्धा व्होल्ट पडतो, दीड स्क्वेअर एमएममध्ये सव्वा. मग फ्रिज कमी व्होल्टेजवर बंद पडतो आणि दोष बिचाऱ्या बॅटरीला!

फ्यूज १५ अँपिअरचा, पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरात. तो वायर वाचवण्यासाठी असतो, म्हणून सॉकेटजवळ लावून उपयोग नाही: मधे शॉर्ट झाला तर वायरच पेटेल. निगेटिव्हलाही वेगळी वायर ओढली, करंट परत न्यायला गाडीच्या बॉडीवर भरवसा ठेवला नाही. पत्र्यातल्या प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट (वायर कडेला घासू नये म्हणून बसवायची कडी) हवाच. जोड क्रिंप केलेले, म्हणजे धातूच्या टोपणात पकडीने दाबून बसवलेले. नुसतं पिळून टेप गुंडाळलेले जोड गाडीच्या हादऱ्यांनी सैल होऊन तापतात.

सॉकेटचं भोक २९ मिमीचं. घरगुती तीन पिनांचं सॉकेट १२ व्होल्टला कधीच लावू नका. यूएसबीवाल्याला स्विच द्या, रिकामंही ते थोडा करंट ओढतं.