‘भडक’ म्हणण्याआधी: गेममधील नायिकेचे चित्र कसे तपासावे

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका खोलीत मी मुलामुलींना कॅरेक्टर डिझाइन, म्हणजे गेममधील पात्रांचे रूप आणि पोशाख रचणे, शिकवते. दरवर्षी एक दिवस असा येतो, की भिंतीवर एखाद्या गेममधील नायिकेचे चित्र लागते आणि वर्गात दोन तट पडतात. एक तट म्हणतो, ‘हे भडक आहे’. दुसरा म्हणतो, ‘असेना, गेम चांगला आहे ना’. या दोन वाक्यांनंतर बोलणे पुढे सरकत नाही, कारण दोघांनीही चित्राकडे पाहिलेले नसते. प्रत्येकाने केवळ आपल्याला काय वाटले ते सांगितलेले असते. चित्रकलेचे शिक्षक, विद्यार्थी आणि मुलांच्या मोबाइलवर काय चालले आहे हे समजून घेऊ पाहणारे पालक यांना हा वाद नीट करता यावा, म्हणून माझ्या वर्गात रुजलेली पद्धत येथे लिहीत आहे.

आपल्या गावातील मुलांना ही गोष्ट समजावण्यासाठी चादरीइतके चांगले साधन मला दुसरे सापडलेले नाही. जेकार्ड मागावरच्या चादरीतील फूल आपोआप उमलत नाही. आधी चौकटीच्या कागदावर नक्षी काढावी लागते, त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडावी लागतात, आणि जेथे भोक असेल तेथेच ताण्याचा धागा वर उचलला जातो. गेममधील पात्राचेही तसेच आहे. पोशाख कोठे संपतो, कंबरेला बाक किती आहे, ती जिना चढत असताना कॅमेरा तिच्या कोणत्या बाजूला राहतो, यांतील प्रत्येक गोष्ट कोणीतरी बसून ठरवलेली असते. म्हणून ‘ती तशीच आहे’ हे उत्तर आमच्याकडे चालत नाही. तिला असे कोणी केले आणि कोणासाठी केले, हा प्रश्न विचारायचा असतो आणि त्याचे उत्तर चित्रातूनच काढून दाखवायचे असते.

पहिल्या दिवशी गेम उघडू नये. मी मुलांना वही-पेन्सिल घेऊन कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीत नेते, आणि ज्या घरांनी आधी होकार दिला असेल तेथेच बसून चित्रे काढू देते. परवानगीची ही अट केवळ शिष्टाचार म्हणून नाही. ज्या विषयावर आपण बोलणार आहोत त्याचे मूळच, कोणाकडे कसे पाहावे, या प्रश्नात आहे. मांडीवर सूप घेऊन बसलेली बाई तेंदूपान कात्रीने कापते, तंबाखू भरते, बोटांनी वळते आणि दोऱ्याने बांधते. हे करताना तिची मान कोठे झुकते, खांदे कसे पुढे येतात, पदर कामाच्या आड येऊ नये म्हणून ती तो कोठे खोचते, हे दोन तास पाहिल्यावर शरीर आणि पोशाख हे दोन्ही कामाने घडतात ही गोष्ट शब्दांनी सांगावी लागत नाही. एरवी केवळ बारीक कमरेच्या नायिका काढणारा एक विद्यार्थी तेथून परतला तेव्हा त्याच्या वहीत फक्त बोटे आणि खांदे होते. जमल्यास नऊवारी नेसलेल्या एखाद्या वृद्ध बाईंना कासोटा कसा घालतात तेही दाखवायला सांगावे. त्या नेसण्यात पोटऱ्या उघड्या राहतात, पण पाहणाऱ्याला पाय दिसावेत म्हणून नव्हे, तर नेसणारीला पाय टाकता यावेत म्हणून. हा फरक मुलांच्या मनात एकदा बसला, की पुढचे काम निम्मे सोपे होते.

दुसऱ्या दिवशी शब्द निश्चित करावा. लैंगिकीकरण म्हणजे उघडे अंग, असा समज सर्वप्रथम दूर करावा लागतो. पोहणारी, कुस्ती खेळणारी किंवा नाचणारी स्त्री थोड्या कपड्यांत असली तरी तिचे चित्र तिच्या कृतीविषयी बोलू शकते. उलट, नखशिखान्त चिलखतातील स्त्रीचे चित्र केवळ तिच्या छातीविषयी बोलू शकते. व्यक्ती बाजूला ठेवून तिचे शरीर पाहणाऱ्यापुढे मांडले जाते, तेव्हा त्याला लैंगिकीकरण म्हणावे. याचे अगदी जुने उदाहरण १९८६ सालच्या मेट्रॉइड या गेममध्ये आहे. सामस हे पात्र पूर्ण गेमभर जाड चिलखतात असते आणि ती स्त्री आहे हे शेवटी कळते. पण खेळाडूने गेम जितक्या कमी वेळात संपवला असेल, तितक्या कमी कपड्यांत ती त्याला दिसते. येथे एक धाडसी कल्पना आणि शरीराला बक्षीस करण्याची जुनी खोड एकाच पडद्यावर आहेत. मुलांनी दोन्ही गोष्टी नोंदवाव्यात. एकीने दुसरी खोडू नये.

त्यानंतर प्रत्यक्ष तपासणी. पहिला प्रश्न कामाचा: हे पात्र दिवसभर काय करते, आणि हा पोशाख त्या कामात टिकेल का? येथे विद्यार्थी लगेच कथेतील कारण पुढे करतात, आणि तेथेच त्यांना थांबवून विचार करायला लावावे. २०१५ सालच्या मेटल गिअर सॉलिड ५ मध्ये क्वाएट नावाची नेमबाज युद्धभूमीवर बिकिनीत वावरते, कारण ती त्वचेतून श्वास घेते, असे कथेत सांगितले आहे. कथेत कारण आहे एवढ्यावर समाधान मानू नये. कारणही त्याच लेखकाने रचलेले असते. त्याऐवजी त्याच जगातील दुसऱ्या पात्रासाठी ते कारण कसे वापरले आहे ते पाहावे. त्याच मालिकेच्या २००४ सालच्या भागात सूर्यप्रकाशावर जगणारा एक वृद्ध नेमबाज आहे, आणि तो जंगलात लपण्यासाठीच्या पूर्ण पोशाखात असतो. ही दोन चित्रे शेजारी ठेवली, की मला काही बोलावे लागत नाही.

दुसरा प्रश्न स्वभावाचा आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. मार्च २०१६ मध्ये ओव्हरवॉच हा गेम अजून चाचणीच्या टप्प्यात होता. ट्रेसर या पात्राच्या विजयाच्या एका पोझमध्ये ती पाठमोरी उभी राहून खांद्यावरून मागे पाहत असे. लहान मुलीचा पालक असलेल्या एका खेळाडूने त्यावर हरकत घेतली. त्याचे म्हणणे मादक पात्रे नकोत असे नव्हते. याच गेममधील विडोमेकरला अशी पोझ शोभते, कारण तिचे पात्रच तसे रचले आहे, पण चपळ, खेळकर आणि जिवाला जीव देणाऱ्या ट्रेसरविषयी ही पोझ काहीच सांगत नाही, असे त्याने मांडले. कंपनीने पोझ काढून टाकली. पुढे आलेल्या नव्या पोझचेही जुन्या पिन-अप चित्रांशी, म्हणजे भिंतीवर लावण्यासाठी काढलेल्या मादक स्त्रीचित्रांशी, साम्य होते, पण तिच्यात ट्रेसरचा खोडकरपणा होता. हा प्रसंग मी दरवर्षी सविस्तर सांगते, कारण हरकत कशी लिहावी याचा तो उत्तम नमुना आहे: एक पात्र, एक पोझ, तिच्यातील नेमकी विसंगती आणि तुलनेसाठी त्याच गेममधील दुसरे पात्र.

या टप्प्यावर एक अभ्यास जरूर करून घ्यावा. चित्रातील पोझ विद्यार्थ्यांनी स्वतः एक मिनिट धरून पाहावी. छाती आणि नितंब दोन्ही एकाच वेळी पाहणाऱ्याकडे वळलेली पोझ धरताना पाठीचा कणा कुरकुरतो, आणि तलवार उचलायची झाल्यास तोल जातो. मग तीच पोझ पुरुष पात्राला देऊन चित्र काढावे. २०१२ मध्ये कॉमिक्सच्या वाचकांनी हॉकआय या नायकाला स्त्रीपात्रांच्या पोझ देऊन हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला होता. मुले प्रथम हसतात. हसण्याला हरकत नसावी. मात्र हसू नेमके कशाचे आले, हे प्रत्येकाने वहीत लिहावे.

तिसरा प्रश्न कॅमेऱ्याचा आहे, आणि तो स्थिर चित्रावरून सुटत नाही. पाच मिनिटांचे खेळणे आवाज बंद करून पाहावे आणि कॅमेरा कोठे थांबतो, कोणाच्या चेहऱ्यावर व कोणाच्या अंगावर, याची नोंद करावी. स्ट्रीट फायटर ५ हा लढतीचा गेम बाजारात येण्याआधी तो बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीने रेनबो मिका या स्त्रीपात्राच्या एका डावात आणि कॅमी या दुसऱ्या स्त्रीपात्राच्या प्रवेशाच्या वेळी कॅमेऱ्याची चौकट बदलली. त्यांचे पोशाख होते तसेच राहिले. पोशाखाला हात न लावता दृश्याचा अर्थ बदलता येतो, हे यावरून दिसते. उलट बाजूने पाहायचे तर आपल्याच राज्यातील उदाहरण घ्यावे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या २०२० सालच्या राजी या गेममध्ये सर्कशीतील कसरतपटू मुलगी भावाच्या शोधात निघते. कॅमेरा दूर आणि उंचावर असल्याने तिच्या उड्या, तिचे त्रिशूळ-धनुष्य आणि भोवतीचे वाडे-देवळे दिसतात. तिच्या अंगाची पाहणी होत नाही.

चौथा प्रश्न विक्रीचा. गेममधील पात्र आणि जाहिरातीतील पात्र वेगळे काढून तपासावे. १९९६ सालच्या टूम रेडरमध्ये लारा क्रॉफ्ट एकटी गुहा धुंडाळते, कोडी सोडवते, अस्वलांशी लढते. जाहिरातींत मात्र तिचे शरीर पुढे करण्यात आले. तिचा आरेखक टोबी गार्ड पहिल्या भागानंतर कंपनीतून बाहेर पडला, आणि तिची प्रतिमा ज्या प्रकारे विकली जात होती ते त्याला रुचलेले नव्हते. २०१३ मध्ये क्रिस्टल डायनॅमिक्स या कंपनीने ती नव्याने घडवली, तेव्हा अंगावर साधी पँट आणि मळकी बंडी आली. वाद मात्र संपला नाही, तर तिच्या यातना इतक्या जवळून आणि इतक्या वेळा का दाखवल्या, या प्रश्नाकडे वळला. सोलापुरातील बहुतेक मुलांचा गेम मोबाइलवरचा असतो, आणि तेथे पोशाख हाच विकायचा माल असतो. गेम फुकट, पण स्किन (पात्राचे नवे रूप-पोशाख) आणि बंडल (अशा वस्तूंचा एकत्र संच) विकत. अशा ठिकाणी ‘पात्राला हा पोशाख का’ याचे उत्तर कथेत शोधू नये; दुकानाच्या पानावर शोधावे. पालकांनी प्ले स्टोअरवरील वयाचा आकडा जरूर पाहावा, पण तो काय दाखवले आहे एवढेच सांगतो. कशासाठी दाखवले आहे, हे पाहण्यासाठी मुलाशेजारी बसावे लागते.

आता दुसरी बाजू, आणि ती मनापासून ऐकावी. २००९ सालच्या बायोनेटा या गेममधील त्याच नावाच्या नायिकेचे आरेखन मारी शिमाझाकी या स्त्री-चित्रकाराने केले आहे, आणि त्या पात्राचा मादकपणा तिच्या मालकीचा, तिच्या ताकदीचा भाग आहे असे मानणाऱ्या अनेक स्त्रिया आहेत. माझ्या वर्गातील एका मुलीने मला विचारले होते, ‘मॅडम, तिला स्वतःला आवडत असेल तर?’ मी तिला सांगितले, की पात्राला स्वतःची आवड नसते, ती कोणीतरी लिहिलेली असते. पण तुला ते पात्र होऊन खेळताना बळ वाटत असेल तर ते बळ खरे आहे, आणि ते तुझ्या लेखात आलेच पाहिजे. एप्रिल २०२४ मध्ये स्टेलर ब्लेड या कोरियन गेममधील काही पोशाख पहिल्याच अपडेटमध्ये बदलले, तेव्हा खरेदीदारांनी सह्यांची मोहीम चालवली; विकत घेतलेली वस्तू परस्पर बदलली, ही त्यांची तक्रार होती, आणि ती केवळ आंबटशौक म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे आहे. उघड्या छातीच्या पुरुष पात्रांचा मुद्दाही हमखास येतो. तेथे विचारावे: हे शरीर खेळाडूला ‘मी असा व्हावे’ म्हणून दिले आहे, की ‘हे मला मिळावे’ म्हणून? काही पुरुष पात्रे दुसऱ्या प्रकारात बसतात, आणि तसे असल्यास तसे लिहावे.

संशोधनाचा हवाला देताना दोन्ही टोके सांगावीत. २०१६ साली जर्नल ऑफ कम्युनिकेशनमध्ये आलेल्या अभ्यासाने १९८३ ते २०१४ या काळातील ५७१ गेममधील स्त्रीपात्रे तपासली. त्यांत लैंगिकीकरण १९९०च्या दशकात शिगेला पोहोचून पुढे कमी झालेले दिसले, मात्र दुय्यम पात्रांत ते मुख्य पात्रांपेक्षा अधिक होते. दुसरीकडे, २०२२ च्या एका एकत्रित विश्लेषणात अशा गेमचा खेळाडूंच्या स्त्रीद्वेषाशी किंवा मानसिक स्वास्थ्याशी ठळक संबंध आढळला नाही. म्हणून ‘अशा गेममुळे मुले बिघडतात’ हे वाक्य मी वर्गात लिहू देत नाही. चित्र वाईट रचले आहे हे म्हणण्यासाठी ते कोणाला बिघडवते हे सिद्ध करावे लागत नाही.

दोन गोष्टींत मात्र तडजोड नाही. लहान मुलीसारख्या दिसणाऱ्या पात्राचे लैंगिक चित्रण चर्चेसाठीही भिंतीवर लावू नये आणि कोणी काढूही नये. पात्राचे वय कथेत शेकडो वर्षे सांगितले असले तरी नाही. बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने संगणकावर घडवलेल्या प्रतिमाही बालकांच्या अश्लील चित्रणाच्या व्याख्येत आणल्या आहेत, हे विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगावे. आणि चित्रावर बोलावे, बोलणाऱ्यावर बोलू नये. समीक्षक अनिता सार्कीझियन यांनी गेममधील स्त्रीचित्रणावर व्हिडिओ मालिका करण्याचे २०१२ मध्ये जाहीर करताच त्यांच्यावर शिव्या आणि धमक्यांचा मारा झाला, आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेतील युटा येथील विद्यापीठातील त्यांचे व्याख्यान गोळीबाराच्या धमकीमुळे रद्द करावे लागले. त्यांचे काही मुद्दे मलाही अपुरे वाटतात, पण ते खोडायचे तर मुद्द्यानेच.

शेवटचे काम पेन्सिलीचे. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या आवडत्या गेममधील एक नायिका निवडावी आणि तिचा स्वभाव, काम व ताकद कायम ठेवून ती पुन्हा काढावी. सर्वांग झाकण्याची सक्ती नसावी. मादक पात्र मादकच ठेवायचे असेल तर तसे ठेवावे, पण पोशाखाची प्रत्येक रेघ कशासाठी आहे हे चित्राच्या मागे लिहावे. नंतर जुने चित्र, नवे चित्र आणि पहिल्या दिवशीचे कुंभारीचे चित्र अशी तीन पाने एका ओळीत लावावीत, आणि ज्या घरांत बसून मुलांनी चित्रे काढली त्या बायकांना ती पाहायला बोलवावे. मागच्या वर्षी त्यांतील एक मावशी एका योद्धा स्त्रीच्या चित्रापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘हिचा हात चांगला काढलाय, पण एवढं लोखंड उचलणारीचं मनगट याहून जाड असतं.’ त्या मुलाने तेथेच खोडरबर काढला.