सीपीएल फिल्टर पावसाळ्यातच बाहेर काढा

सीपीएल, म्हणजे सर्क्युलर पोलरायझर हा लेन्सवर चढवून फिरवायचा फिल्टर, विकत घेणाऱ्या बहुतेकांच्या मनात गडद निळं आकाश असतं. म्हणून तो हिवाळ्यात बॅगेत असतो आणि जूनचे ढग आले की कपाटात जातो. सह्याद्रीत फोटो काढणाऱ्यांनी नेमकं उलट करावं, असं माझं मत आहे.

भिजलेलं पान बघा. त्याच्या पाठीवर पांढरट चकाकी असते. ती ढगांच्या उजेडाची, पानाच्या रंगाची नव्हे. गुळगुळीत पृष्ठभागावरून तिरकस परतणाऱ्या उजेडाची कंपनं बरीचशी एकाच दिशेत असतात, याला ध्रुवीकरण म्हणतात. पानाच्या आतून येणाऱ्या हिरव्या उजेडाची कंपनं मात्र सगळ्या दिशांना असतात. फिल्टर एका दिशेची कंपनं अडवतो, त्यामुळे चकाकी जाते आणि तिच्याखाली दबलेला हिरवा दिसू लागतो. ओल्या कातळाचंही तेच. एडिटिंग करताना रंग कितीही चढवला तरी हे साधत नाही, कारण चकाकीखालचा तपशील फोटोत आलेलाच नसतो. कोऱ्या पत्र्याच्या छपराची चमक मात्र जाणार नाही, धातूवरून परतणारा उजेड असा एका दिशेत बांधला जात नाही.

१. फिल्टर तपासा. लॅपटॉपचा एलसीडी पडदा पांढरा ठेवा. फिल्टरची आट्यांची बाजू डोळ्याकडे धरून त्यातून पडद्याकडे बघत फिरवा. एका जागी पडदा काळा पडला पाहिजे. उलटा धरून फिरवला तर काळा पडत नाही, फार तर रंगाची छटा बदलते. आतल्या बाजूला आणखी एक थर असतो, तो ऑटोफोकस आणि मीटरिंगची (कॅमेऱ्याने उजेड मोजण्याची) गडबड टाळण्यासाठी.

२. लेन्सवर चढवा. आधी यूव्ही फिल्टर काढा, नाहीतर रुंद लेन्सवर कोपरे काळे होतात. फिरवताना नेहमी आटे घट्ट होण्याच्या दिशेनेच फिरवा. माझा एक फिल्टर उलट फिरवण्याच्या नादात आंबोलीच्या धबधब्याला अर्पण झालेला आहे.

३. उभं कुठे राहायचं ते ठरवा. खरं काम इथेच आहे, कारण जागा चुकली तर फिल्टर कितीही फिरवून उपयोग नाही.

आकाशासाठी तर्जनी सूर्याकडे रोखा, अंगठा काटकोनात ताणा आणि मनगट फिरवा. अंगठा जिकडे जिकडे जाईल त्या पट्ट्यात परिणाम सर्वाधिक. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी तिथे सूर्य पाठीशी, संध्याकाळी डोळ्यांसमोर, त्यामुळे दोन्ही वेळा समोरच्या आकाशावर फिल्टर जवळजवळ निकामी. कॅमेरा उत्तरेला किंवा दक्षिणेला वळवा, मग फरक दिसेल. मे महिन्यात भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा हा पट्टा चहूबाजूंनी क्षितिजाला टेकतो.

पाण्याचा हिशेब वेगळा. तळ दिसायला हवा असेल तर पाण्याच्या पृष्ठभागावरच्या लंबाशी (सरळ उभ्या रेषेशी) सुमारे ५३ अंशांनी पाण्याकडे बघावं लागतं. कॅमेरा पाण्यापासून दीड मीटर उंच असेल तर साधारण २ मीटर पुढचं पाणी या कोनात येतं. त्याच्या अलीकडे-पलीकडे परिणाम ओसरत जातो. दूरच्या पाण्यावरची चकाकी पुरी जाणार नाही, ती अपेक्षा सोडा.

४. सावकाश फिरवा. व्ह्यूफाइंडरमध्ये किंवा स्क्रीनवर बघत फिरवा. सर्वाधिक आणि सर्वांत कमी परिणाम यांच्यात पाव फेरीचं अंतर असतं. शेवटपर्यंत जायलाच हवं असं नाही. सगळी चकाकी काढली की ओली पानं कोरडी, मेणाची वाटतात. मी टोकाच्या थोडा अलीकडेच थांबतो. आडव्याचा उभा फोटो घेतलात तर पुन्हा फिरवायला लागेल, हे हमखास विसरतं.

फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर) २४ मिमीपेक्षा रुंद लेन्स असेल तर निळ्या आकाशात मधेच काळपट पट्टा उमटतो. अशा वेळी आकाश कमी घ्या. ढगाळ दिवसात ही कटकटच नाही.

५. एक्सपोजर सांभाळा. फिल्टर १ ते २ स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). मीटर ते आपोआप धरतो, पण शटर मंदावतो, म्हणून हातात कॅमेरा असेल तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवा. धबधब्यापाशी हाच तोटा फायद्याचा: १/१५ सेकंदाचा शटर १/४ वर आला की पाण्याची धार मऊ होते. तिथे ट्रायपॉड हवाच.

रात्री, पॅनोरामा जोडताना आणि तलावात डोंगराचं प्रतिबिंब हवं असताना फिल्टर काढून ठेवा.

इंद्रधनुष्य दिसलं तर मात्र लगेच काढू नका. त्याचा उजेड कमानीच्या वळणाला धरून ध्रुवीकृत असतो, म्हणून फिरवताना ते एका जागी उठून दिसतं आणि पाव फेरी पुढे जवळजवळ पुसलं जातं. पूर्ण कमान चौकटीत असेल तर माथा उजळला की पाय फिके पडतात. तेव्हा डोंगरात उतरलेला एक पायच टेलिफोटोने घ्या.