फुटबॉलच्या धावफलकावरील वेळ कशी वाचावी

मुंबईतील कूपरेजच्या मैदानात बसून सामना पाहताना पंचांची शिट्टी ऐकू येते. लोकलमध्ये मोबाइलवर धावफलक पाहणाऱ्याला मात्र संक्षेपांवरच विसंबावे लागते. ‘एचटी’ म्हणजे मध्यंतर आणि ‘एफटी’ म्हणजे सामना संपला, एवढे सोपे आहे.

खरा गोंधळ ‘९०+४’ पाशी होतो. दुखापती, बदली खेळाडू व व्हीएआर (व्हिडिओ पाहून पंचांच्या निर्णयाची) तपासणी यांत वाया गेलेला वेळ पंच प्रत्येक सत्राच्या शेवटी भरून देतात, म्हणून ‘९०+४’ म्हणजे त्या भरपाईचे चौथे मिनिट. फलकावर दाखवलेली भरपाईची मिनिटे किमान असतात, त्यामुळे खेळ त्यापुढेही लांबू शकतो. याला ‘जादा वेळ’ म्हणू नये, कारण तो निराळा असतो: बाद फेरीत बरोबरी झाल्यास बहुधा प्रत्येकी १५ मिनिटांची दोन सत्रे होतात, आणि निकाल त्यांत लागला तर ‘एईटी’ लिहितात. तरीही कोंडी न फुटल्यास पेनल्टी, म्हणजेच ‘पेन’.

मिनिटांची मोजणीही जरा फसवी असते: घड्याळात ३४:१० असताना झालेला गोल ३५व्या मिनिटाचा मानतात.

इंग्लंडमधील दुपारी ३ चा सामना मुंबईत उन्हाळी वेळेनुसार संध्याकाळी ७:३० ला, हिवाळ्यात रात्री ८:३० ला सुरू होतो.