धुळ्याला फुटबॉलचा सामना आहे? समर्थकांनी अशी तयारी करावी

जळगावहून धुळ्याला जायचं तर रेल्वेचा नाद सोडा, चाळीसगावला गाडी बदलावी लागते. महामार्गाने जेमतेम 90 किलोमीटर, एसटीच बरी. सामना नंदुरबारला असेल तर मात्र सुरत लाइनची गाडी सोयीची.

दुपारच्या सामन्याला मैदानाच्या पश्चिम बाजूला बसा, ऊन पाठीवर राहतं. माणशी 2 लिटर पाणी. डब्यात कळण्याची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. भरीत कितीही आवडत असलं तरी नको, उन्हात आंबतं.

ढोल खुशाल न्या, शिट्टी अजिबात नको. प्रेक्षकाच्या शिट्टीने खेळात अडथळा आला असं रेफरीला वाटलं तर तो खेळ थांबवतो आणि ड्रॉप बॉलने, म्हणजे स्वतः चेंडू जमिनीवर टाकून, पुन्हा सुरू करतो. आपलाच फॉरवर्ड गोलकीपरसमोर एकटा असला तरी संधी गेली! (हे नेमकं उत्साही पोरांकडूनच होतं.)

बाद फेरी असेल तर परतीची गाडी सामना सुरू झाल्यापासून 3 तासांनंतरची धरा. 90 मिनिटं, 15 मिनिटांचं मध्यांतर, बरोबरी झाली तर 30 मिनिटं जादा, वर पेनल्टी. शेवटच्या एसटीची वेळ उतरल्याबरोबर स्टँडवरच विचारून ठेवा.