शेवेचा भाव, हौदातलं पाणी आणि आलेखावरची रेष

माझी नात इंदुरात शाळेत ‘सीधा समानुपात’ शिकते. घरी मी त्याला समप्रमाण म्हणते, म्हणजे एक गोष्ट दुप्पट झाली की दुसरीही दुप्पट. सूत्र तिला पाठ आहे, पण आलेखावर सरळ रेष दिसली की ‘समप्रमाण’ लिहून ती मोकळी होते. इतकी वर्षं गणित शिकवताना हीच चूक मी सर्वांत जास्त वेळा तपासली, म्हणून तिला शिकवलं तसंच इथे लिहिते.

सुरुवात शेवेपासून करा. किलोचा भाव २४० रुपये धरा. १०० ग्रॅमचे २४, पाव किलोचे ६०, अर्ध्या किलोचे १२०. आडव्या अक्षावर वजन (१ सेमी = १०० ग्रॅम), उभ्या अक्षावर रुपये (१ सेमी = २० रुपये). कोपऱ्यात आपण याला ‘प्रमाण’ असंच लिहितो आणि धड्याचं नावही प्रमाण! मुलं इथे हमखास गोंधळतात. कोपऱ्यातलं प्रमाण कागदाच्या मापाचं आणि धड्यातलं वजन-किमतीच्या नात्याचं, हे आधीच सांगून टाका.

आता बिंदू मांडा. शून्य ग्रॅमला शून्य रुपये हा बिंदू मुलं गाळतात, कारण शून्य शेव कोणी विकत घेत नाही. तोच आग्रहाने मांडायला लावा. मग पट्टी ठेवून रेष ओढा. ती आरंभबिंदूतून निघते आणि कुठल्याही बिंदूवर किमतीला वजनाने भागलं तर तोच भाव येतो: २४ भागिले १००, ६० भागिले २५०, दोन्ही ०.२४. त्याच कागदावर ३२० रुपये किलोची लवंग शेव काढा. तिची रेष जास्त उभी येते. भाव रेषेच्या चढात दिसतो, हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसू द्या; आपण आधी बोलू नये.

खरी परीक्षा हौदाची. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. नळ सुटला तेव्हा हौदात १०० लिटर शिल्लक होतं आणि मिनिटाला १५ लिटर भर पडत होती. ५ मिनिटांनी १७५, १० मिनिटांनी २५०, २० मिनिटांनी ४००. रेष अगदी सरळ! नातीने लगेच ‘समप्रमाण’ लिहिलं. मी म्हटलं, “वेळ १० वरून २० झाली, दुप्पट. पाणी दुप्पट झालं का?” भागाकार करून पाहिला: ३५, २५, २०. दर वेळी वेगळा. रेष १०० वरून निघते, आरंभबिंदूतून नाही. आता शिल्लक १०० वजा करा: ७५, १५०, ३००. ही नवी रेष काढली की ती शून्यातून जाते. हौदातलं एकूण पाणी वेळेच्या समप्रमाणात नाही, नव्याने आलेलं पाणी मात्र आहे. या वजाबाकीवर एक अख्खी संध्याकाळ गेली तरी चालेल. तापमानाचंही असंच: १० अंश सेल्सिअस म्हणजे ५० फॅरनहाइट, पण २० म्हणजे ६८, शून्यालाच ३२ असतात.

छापील आलेख वाचताना उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का, ते आधी पाहा. ५० पासून सुरू केलेला असेल तर कोपऱ्यातून निघणारी रेषही फसवते.

त्या दिवशी शेवटी नळाचा जोर कमी झाला. २५ मिनिटांना ४७५ लिटर हवे होते, भरले ४५०. बिंदू रेषेखाली पडला. नात रबर घेऊन तो खोडायला निघाली, मी तिचा हात धरला. “आजी, पण रेष वाकडी होते!” होऊ दे, म्हटलं, आणि त्या बिंदूशेजारी तिच्याकडूनच लिहून घेतलं: ‘इथे जोर कमी झाला.’